ओलं गोणपाट

हिम्मतरावांचं पत्र येऊन चार वर्षं होत आली आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. राहून गेलं, असं मी स्वतःशी म्हणत आलो. पण राहून काही गेलं नव्हतं, मीच ते ठेवलं होतं. निळं आंतरदेशीय पत्र, पेन्सिलीनं लिहिलेलं, प्रत्येक ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरलेली. 'मास्तर, सा. न. वि. वि. वहिनी बऱ्या असतील. जास्त काही मागत नाही. त्या मंगळवारी माझ्या फाटकावर गोणपाट होतं, एवढं दोन ओळींत लिहून द्या. मी हात केला, हाक मारली, ती तुम्हाला ऐकू गेली नसेल. वाऱ्याचं तसं होतं. रस्त्यावरचे लोक तुमचा शब्द मानतात, माझा मानत नाहीत. कळावे, हिम्मत.' हे पत्र मी घरातल्या शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं आणि दर मंगळवारी, दुपारचा चहा झाला की, काढून वाचू लागलो. वाचून झालं की जिभेवर साखरेचा खडा ठेवल्यासारखं वाटायचं. मी कधी कोणावर हात उगारलेला नाही. छत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, पण पोरांना दरडावायचं म्हटलं की माझा आवाज पातळ व्हायचा आणि मागच्या बाकावरून हसू यायचं. माझ्यासारख्या माणसाला कोणाचं वाईट करायचं तर करणार काय? वाट पाहायला लावणं तेवढं जमतं. तो तिकडे शंकरपल्लीच्या रस्त्यावर पोस्टमनची सायकल दिसली की मान वर करत असेल आणि मी इकडे गौलीगुड्यात चष्मा पुसतो आहे, हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलं की त्यातल्या सायकलीला घंटासुद्धा बसवली.

हे असंच चाललं असतं. गेल्या आठवड्यात एका सकाळी मी नेहमीसारखा ग्रंथालयात जायला निघालो होतो, अफझलगंजकडे, बस स्टँडच्या बाजूनं. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गेले पंधरा दिवस पेपरात कोंबड्यांच्या रोगाच्याच बातम्या होत्या. पिंजऱ्यात पाच-सहा कोंबड्या होत्या आणि त्यांतली एक आभाळ पाहत होती. म्हणजे तिची मान पाठीवरून वळून उलटी झाली होती, चोच वर, एक डोळा माझ्याकडे. ती पाय उचलायची आणि गोल फिरायची, पुन्हा उचलायची, पुन्हा गोल. मी थांबलो. भीतीनं नव्हे, ओळख पटल्यासारखा. तीनशे बारा कोंबड्यांना मी असं आभाळ पाहताना पाहिलं होतं आणि त्यांच्यामध्ये माझी बायको इंदुमती उकिडवी बसली होती, पदर तोंडाला लावून, एकेकीची मान सरळ करून बघत. सोडली की मान पुन्हा फिरायची. ती पुन्हा सरळ करायची.

"सारू, अंडे नक्को म्हणून पळू नका," दुकानाच्या पायरीवरून कोणी म्हणालं. गंगू होती. शंकरपल्लीच्या रस्त्यावरच्या शेडांतली अंडी ती रोज बसनं शहरात आणून विकते. टोपलं भरलेलं होतं. "पंधरा दिस झाले, टोपलं भरून आणते, भरून नेते. व्यायाम होतो."

मी म्हटलं, "ती कोंबडी बघ, मान मोडली आहे तिची."

"हौ, मानमोडीच आहे. पेपरातला रोग अलग, हा आपला जुना. दुकानवाल्याला सांगितलं तर म्हणतो, नींद में है." तिनं आवाज खाली आणला. "आपल्या रस्त्यावर अकराच्या अकरा शेडा साफ झाल्या, सारू. तुमचं बरं झालं, आधीच सुटलात."

आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते इथं लिहिलं पाहिजे. मला बरं वाटलं. मी विचारलं, "हिम्मतरावांच्याही?"

"त्यांच्याकडूनच तर सुरू झालं. पण त्यांचं काई चुकलं नाही यावेळी. त्यांचा संदीप करतो आता शेड. पहिली कोंबडी वाकडी झाली त्याच दिवशी त्यानं गोणपाट टांगलं. लोक हसले ना. तुझ्या बापाचं गोणपाट आम्हाला माहीत आहे म्हणाले, अन् व्यापाऱ्याची गाडी घेऊन सरळ आत. त्याच गाडीतले पिंजरे मग सगळीकडे फिरले. आता म्हातारा फाटकात खुर्ची टाकून बसतो, काठी आडवी धरून. गोणपाट कोणी मानत नाही, मग माणूस टांगला." ती हसली. मग हसणं गिळून माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्या वेळेपासनं मोडलं ते. घ्या ना सहा अंडे. तुम्ही तर खोटं बोलत नाही म्हणे, मग मीही बोलत नाही, ताजे आहेत."

अंडी घेतली की नाही ते आठवत नाही. ग्रंथालयात माझ्या खिडकीजवळच्या जागी जाऊन बसलो, पुस्तक उघडलं, आणि दुपारपर्यंत तेच पान होतं. खाली मुसी नदीच्या अंगानं वाहनांचा आवाज येत होता. त्या रस्त्यावर गोणपाट म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. निवृत्तीनंतर इंदुमतीच्या हट्टानं आम्ही तिथं दोन खोल्या आणि एक शेड भाड्यानं घेतली होती. सगळ्या छोट्या शेडा, कोणाच्या दोनशे कोंबड्या, कोणाच्या आठशे. ज्याच्याकडे मर लागेल त्यानं पोतं भिजवून फाटकावर आडवं टाकायचं. ओलंच हवं, कारण कोरडं कोणी वाळायलाही टाकतो. रोज सकाळी पुन्हा भिजवायचं. ते दिसलं की आत जायचं नाही, आतलं काही बाहेर आणायचं नाही, व्यापाऱ्यानं गाडी पुढे न्यायची. हा नियम कोणी काढला ते कोणालाच माहीत नव्हतं. तो पाळणं सोपंही नव्हतं, कारण मर लागली की पहिला विचार येतो तो ज्या अजून उभ्या आहेत त्या विकून टाकण्याचा. बाकी ठिकाणी तसंच करतात. पहाटे पिंजरे भरतात, मेलेल्या कालव्यात टाकतात आणि विचारलं तर आमच्याकडे काहीच नाही म्हणतात. आमच्या रस्त्यावर मात्र गोणपाट टांगायचे. टांगणाऱ्याचं नुकसान व्हायचं आणि बाकीचे दहा वाचायचे. पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी असायची. एवढ्यावर ते चाललं होतं.

हे सगळं इंदुमतीला हिम्मतरावांनी शिकवलं. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान, उदगीरकडचा माणूस, वडिलांबरोबर इकडे आलेला, चौथी शिकलेला, हात मोठे. लशीची बाटली पाचशे डोसांची यायची आणि उघडली की दोन तासांत संपवावी लागायची, म्हणून दोन-तीन शेडा मिळून एक घ्यायचे. हिम्मतराव ती थर्मासमध्ये बर्फ घालून आणायचे. इंदुमती कोंबडी छातीशी धरायची, ते डोळ्यात एक थेंब टाकायचे, कोंबडी डोळा मिटायची, इंदुमती म्हणायची, "गेला." पुढची. पुन्हा "गेला." शेडच्या जाळीबाहेर खुर्ची टाकून मी वाचत बसायचो. कोंबड्यांची मला भीती वाटते, त्यांच्या पायांची. हिम्मतराव आतून म्हणायचे, "मास्तर, तुमच्या पुस्तकात कोंबडी कशी धरावी ते दिलंय का?" आणि इंदुमती हसायची. ते हसू मी माझ्या घरात ऐकलं नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला काय दिलं, याचा हिशोब मला कधी जमला नाही, पण ते हसू मी दिलेलं नव्हतं एवढं खरं. ती त्यांना भावजी म्हणायची, ते तिला वहिनी म्हणायचे, त्यात वावगं काहीच नव्हतं. वावगं काहीतरी असतं तर मला सोपं गेलं असतं. जाळीतून मला तिचा घामेजलेला मानेमागचा भाग दिसायचा, केसांना चिकटलेलं एक पीस दिसायचं, आणि ते काढायला उठावं असं वाटून मी पुढच्या ओळीवर जायचो.

तो मंगळवार फेब्रुवारीतला. तिनं मला म्हटलं, "अहो, भावजींकडून चार ट्रे घेऊन या, उद्या अंडी शहरात पाठवायची आहेत." मी हातात पुस्तक घेऊनच निघालो. त्यांच्या फाटकावर गोणपाट होतं. ओलं. खालच्या कडेनं थेंब टपकत होते आणि मातीत छोटे खड्डे पडले होते. ते मला दिसलंच नाही, असं चार वर्षं मी मनात घोळवलं आहे, आणि मग ते वाळायला टाकलंय असं वाटलं, असंही. दोन्ही खरं नाही. मला दिसलं आणि काय ते कळलं. मी ते दोन बोटांनी बाजूला केलं आणि आत गेलो. का गेलो? एकदा तरी मला न घाबरता त्या फाटकातून जायचं होतं. शिवाय परत जाऊन, ट्रे मिळाले नाहीत, गोणपाट होतं, असं सांगितलं असतं तर ती आधी धावत निघाली असती, भावजींचं काय झालं म्हणून. तिचा तो चेहरा मला बघायचा नव्हता. आत कोणी नव्हतं. ओसरीत ट्रेची चळत होती, वरचे चार उचलले. बाहेर पडलो तेव्हा शेडच्या मागून, जिथं ते खड्डा खणत होते, तिथून हाक आली. "मास्तर, ट्रे ठेवा. ठेवा खाली. परत या." स्वच्छ ऐकू आली. वारा नव्हता. मी थांबलो असतो तर मला ट्रे ठेवून, मान खाली घालून, पाय धुऊन घ्यावे लागले असते, चुकलेल्या पोरासारखे. मी चालत राहिलो. पुस्तकातली खूणही पडली नाही.

सहाव्या दिवशी आमच्या पहिल्या तीन कोंबड्या वाकड्या झाल्या. बाराव्या दिवशी शेडमध्ये फक्त पाण्याची भांडी उभी होती. इंदुमतीनं स्वतःच्या हातांनी खड्ड्यात चुना टाकला. मग हात धुताना, माझ्याकडे न पाहता, तिनं विचारलं, "तुम्ही ट्रे आणायला गेलात तेव्हा गोणपाट होतं का हो?"

मी म्हटलं, "नव्हतं."

एकच शब्द. भीतीनं बोललो असं मी पुष्कळ दिवस समजत होतो. भीती होतीही. पण तो शब्द तोंडातून निघताना त्याला चव होती, आणि ती चव आता मला ओळखीची वाटते. पुढे मंगळवारी पत्र वाचताना यायची तीच. संध्याकाळी बस थांब्याच्या चिंचेखाली सगळे जमले होते. इंदुमतीनं सगळ्यांदेखत विचारलं. हिम्मतराव म्हणाले, "होतं, वहिनी. पहिल्या दिवसापासनं होतं. मास्तरांना विचारा."

"त्यांनाच विचारलं मी. ते खोटं बोलत नाहीत, भावजी."

सगळे माझ्याकडे बघत होते. हिम्मतरावही. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. थेंब टाकण्यापूर्वी कोंबडी शांत व्हायची वाट पाहायचे, तसे थांबले होते. मी हाक मारली होती, हा माणूस ट्रे घेऊन निघून गेला, एवढं ते म्हणाले असते तरी लोकांनी निदान विचार केला असता. ते म्हणाले नाहीत. त्यांनी इंदुमतीकडे पाहिलं, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि गेले. तिला ते वाचवत होते, म्हणजे तिच्या नवऱ्याला तिच्यासाठी. हे मला तिथंच कळलं आणि त्याबद्दल मी त्यांना कधीच क्षमा केली नाही. त्यांनी भांडायला हवं होतं. त्यानंतर पिल्लांच्या गाडीत त्यांना कोणी वाटा दिला नाही, लशीच्या बाटलीत घेतलं नाही. वर्षभरात त्यांची शेड रिकामी झाली. आम्ही त्याआधीच गौलीगुड्याला परत आलो होतो. इंदुमती पुढे दोन वर्षं होती. लशीचा थर्मास आमच्याकडेच राहिला होता, तो ती फडताळात पुढेच ठेवायची, कशालाही वापरायची नाही. एकदा म्हणाली, "भावजींनी असं करायला नको होतं." मी वाचत होतो. मी "हं" म्हटलं. ती गेली तेव्हा हिम्मतराव दारापर्यंत आले होते. बाहेरच बसले, दोन तास, आणि मी आतून त्यांच्या चपला पाहिल्या आणि बाहेर गेलो नाही. तेव्हासुद्धा मला वाटलं, बसू दे.

ग्रंथालय बंद व्हायच्या आधी मी वही काढली आणि उत्तर लिहायला घेतलं. तीन पानं झाली. मराठी चांगली उतरली, इतकी चांगली की वाचताना मला स्वतःचं कौतुक वाटू लागलं. त्यात गोणपाटाची कबुली होती, दुसऱ्या पानाच्या शेवटी. पण आधी जाळी होती, पीस होतं, हसू होतं. तुम्ही माझ्या बायकोला माझ्यासमोर हसवलंत आणि मला कधी आत बोलावलं नाहीत, असं एक वाक्य होतं, ते मी दोनदा गिरवलं. वाचणाऱ्याला कबुली नजरेतून निसटेल आणि आरोप तेवढा राहील, अशी ती बांधणी होती. आणि मग मला जे सुचलं त्यानं मी खुर्चीत मागे रेललो. त्या रस्त्यावर मराठी वाचणारं आहे कोण? संदीप घरात मराठी बोलतो, वाचायला बसला तर अक्षर अक्षर लावतो. बाकी सगळे तेलुगू. हिम्मतराव हे पत्र चिंचेखाली नेतील आणि ते कोणालाच वाचता येणार नाही. मोठ्यानं वाचून दाखवायचं तर ते स्वतःच, आणि त्यांच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतं? मी उत्तर दिलेलं असेल, खरं लिहिलेलं असेल, आणि ते खुर्चीतच बसलेले असतील, काठी आडवी धरून. इतकं चोख काही मला आयुष्यात सुचलं नव्हतं. मी घरी गेलो, जेवलो, आणि मला झोप चांगली लागली.

सकाळी फडताळ उघडलं तर समोर थर्मास. झाकण काढून पाहिलं, का ते सांगता येणार नाही. आत बुडाशी रबराचं बूच असलेली रिकामी बाटली होती, बोटाएवढी, लेबल गळून गेलेली. आणि कागदाची एक चिंधी, तिच्यावर इंदुमतीच्या अक्षरात: 'पुढची मात्रा मंगळवार. यांना आत बोलवायचं, थेंब टाकायला. भावजी म्हणतात शिकतील.' कोणता मंगळवार, तारीख नव्हती. मी चिंधी हातात धरून उभा राहिलो. खाली दूधवाल्याशी कोणीतरी भांडत होतं. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो नेहमीच्या जागी जाईना. हिम्मतरावांच्या मोठ्या हातांवर नेऊन टाकला तरी परत आला. जाळीबाहेरच्या खुर्चीवर पुस्तक धरून बसलेल्या त्या माणसाचा मला असा संताप आला की तो समोर असता तर आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी मारलं असतं.

ते तीन पानांचं उत्तर मी फाडलं नाही, कोशात ठेवलं. मग दोन दिवस ग्रंथालयात तेलुगूचा कोश घेऊन बसलो. जन्म या शहरात गेला, पण माझी तेलुगू भाजी आणि रिक्षा यांपलीकडे नाही. अक्षरं पोरकट आली, काही उलटी. 'खोटं' याला शब्द शोधावा लागला नाही, 'अबद्धम्' हा शब्द शाळेच्या मैदानावर पोरं एकमेकांना ओरडायची, तो येत होता. जाळी, पीस, हसू यांतलं काहीच मला त्या भाषेत लिहिता येईना. मी प्रयत्न केला, हे लपवत नाही. पण ज्याला टोचून बोलणं म्हणतात ते मला मराठीतच येतं. शेवटी जे उरलं ते एका पानात बसलं. गोणपाट होतं. ओलं होतं. मी ते बाजूला केलं. हिम्मतरावांनी हाक मारली. मला ऐकू आली. मी थांबलो नाही. ट्रे मी आणले. बायकोला खोटं सांगितलं. संदीपचं गोणपाट माना. हे पत्र चिंचेखाली सगळ्यांसमोर वाचावं. खाली पूर्ण नाव घातलं, दिगंबर नारायण परळीकर, निवृत्त शिक्षक. 'शिक्षक' खोडावंसं वाटलं. राहू दिलं. त्यांनी माझा शब्द मानला तो त्याच शब्दापायी.

पाकीट घेऊन चालत आबिड्सला गेलो. पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतला तरुण पत्ता वाचत होता, मग त्यानं पाकीट वजनाला टाकलं.

"रजिस्टर या स्पीड, साब?"

"जल्दी कौनसा जाता?"

"शंकरपल्लीच ना? कल पहुँच जाता." त्यानं मान वर केली. "अर्जंट है क्या?"

माझ्या मागे एक बाई फॉर्म भरत उभी होती. माझा आवाज पातळ झाला, शाळेत व्हायचा तसा, आणि मी पुन्हा बोललो, तिलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"हौ. बहुत देर हो गई."

त्यानं शिक्का उचलला, ठोकला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.